गेरूचा पट्टा

आमच्या नानांची पाठ कोरी होती. कोरी म्हणजे काय, ते एरंडोलच्या आसपास जत्रांना जाणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक होतं. नाना म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते कुस्त्या खेळत. इकडे पहूर, तिकडे साक्री, जिथे जत्रा भरे आणि आखाडा खणला जाई तिथे ते जात. परत येत तेव्हा त्यांच्या छातीला, गुडघ्यांना, कानांच्या पाळ्यांना माती असे. पाठीला नसे. मातीच्या कुस्तीत पाठीला माती लागली की माणूस हरला. हरलेला पैलवान उठतो तेव्हा आधी हात मागे नेऊन पाठ झटकतो, लोकांच्या नजरेला ती माती पडू नये म्हणून. नानांवर ती वेळ कधी आली नाही. पुढे शेती गळ्यात पडली, लग्न झालं, कुस्ती सुटली, मग आम्ही दोघी झालो. पाठ कोरी राहिली ती राहिलीच.

ही गोष्ट नाना स्वतः कधी सांगत नसत. गरजच नव्हती. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की कुणीतरी ती काढायचंच. नाना नुसते मान हलवत ऐकायचे, आणि गावाचं नाव चुकलं तर तेवढं दुरुस्त करायचे. दर वर्षी गोष्टीतला समोरचा पैलवान थोडा उंच आणि थोडा जाड व्हायचा. ते मात्र नाना दुरुस्त करत नसत. माय त्यांचे पांढरे सदरे नीळ घालून असे धुवायची, की वाळत टाकलेल्या सदऱ्याच्या पाठीकडे पाहून डोळे दिपावेत.

अशा घरात माझ्या धाकट्या बहिणीने एके दिवशी जळगावहून येऊन सांगितलं की ती ज्यूदो शिकते आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ती जळगावला कॉलेजला होती, एसटीने रोज अप-डाऊन करायची. मी घरी शिलाई मशीन चालवत होते. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे असत, आणि त्यांच्या सगळ्या भानगडी मला मापं घेता घेता कळत. पण ज्यूदो हा शब्द माझ्याही कानावर नव्हता. धाकटीने सांगितलं की त्यात एकमेकींच्या अंगरख्याला धरून पाडायचं असतं. मायच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं.

"हातपाय मोडी लिशी, मंग कोन करी तुले?" माय म्हणाली.

नाना जेवत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "कुस्ती शे का?"

"कुस्तीसारखंच शे, नाना."

"चीत करतस का?"

"करतस."

नानांनी ताटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडी वाजणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. घरात मुलगा नाही म्हणून लोकांनी त्यांना आयुष्यभर ऐकवलं होतं. कुस्ती आता या घरातून गेली, असं त्यांनी कधीचंच मानून टाकलं असेल. ते म्हणाले, "मंग खेय. पन एक ध्यानमा ठेव. ज्या दिन चार लोकेसमा तुनी पाठ लागनी, त्या दिन हाई बठ्ठं बंद. मनी पोरनी पाठ लागेल माले चालत नही."

धाकटी लगेच हो म्हणाली. तिला त्या वेळी कशालाही हो म्हणायचं होतं.

मायने मात्र त्याच आठवड्यात पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून टाकला. मी तिच्या शेजारीच हात जोडून उभी होते, तेव्हा मला सगळं ऐकू आलं. "देवा, इनी पाठ लागू दे एकदानी, पन हाडे शाबूत राहू दे." इतका मापून केलेला नवस मी दुसरा ऐकला नाही.

आता यातली अडचण अशी की ज्यूदोत सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. पाडायला नंतर. पाठीवर कसं पडायचं, पडताना हनुवटी छातीशी कशी घ्यायची, जमिनीवर हात कसा आपटायचा म्हणजे मार हातातून निघून जातो, हे आधी महिनोन्‌महिने घोटून घ्यावं लागतं. धाकटीने मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हणजे ज्या पाठीवर अट, तीच रोज आपटायची. नानांची अट चार लोकांतली होती, घरातली नव्हती, असं म्हणून आम्ही दोघींनी आपली समजूत घातली आणि मागच्या खोलीत गादी टाकली. आमच्याच शेतातल्या कापसाची, पिंजाऱ्याकडून पिंजून भरून घेतलेली जाड गादी होती ती. त्या गादीवर धाकटी रोज संध्याकाळी पडायची. धप्प. उठायची. धप्प.

ओट्यावरून नानांचा आवाज यायचा, "काय पडनं व?"

"उडीदनं पोतं, नाना," मी मशीन थांबवून ओरडायचे.

"रोजच कसं पडस?"

"उंदीर शेतस."

मग मी मशीन जोरात चालवायचे, म्हणजे पुढची दोन-चार पोती त्या आवाजात खपून जायची. धाकटी गादीवर पडल्या पडल्या तोंडात ओढणी कोंबून हसायची.

तिचा पोशाखही मीच शिवला. तयार पोशाख मागवायचा तर दूरच्या शहरातून मागवावा लागे, म्हणून तिच्या सरांचा जुना एक नमुन्याला आणला. मी तो उसवून पाहिला आणि शिवणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. गळ्याची पट्टी इतकी जाड, की तिला धरून बैल ओढावा. मी दोसुती कापड आणलं, पट्टीत चार पदर घातले आणि गोधडीसारख्या टाक्यांनी ती भरून काढली. सुया मोडल्या. तरी पट्टी झाली तेव्हा मी ती दाराच्या कडीला अडकवून स्वतः लोंबकळून पाहिली. कडी निघाली, पट्टी नाही.

मग धुळ्याची स्पर्धा आली. आसपासच्या गावांतल्या आणि शहरांतल्या मुली येणार होत्या, आणि तिथे जिंकेल तिला पुढच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. दिवाळी झाली होती, कापूस वेचणीचे दिवस. नाना एक दिवसही शेत सोडत नसत. पण त्या दिवशी पहाटे ते धुतलेला सदरा घालून, टोपी ठेवून, आमच्या आधी एसटी स्टँडवर उभे होते. अट त्यांची होती, तेव्हा पाहणारेही तेच. माय दारातूनच परतली. निघताना तिने धाकटीच्या हातावर दही ठेवलं. ते कशासाठी ठेवलं, ते तिचं तिलाच माहीत.

धुळ्याला एका व्यायामशाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. आत गेल्यावर नाना दारातच थांबले. मधोमध गाद्या पसरल्या होत्या. घरोघरच्या गाद्या, लग्नातल्या बैठकीला मागून आणतात तशा गोळा केलेल्या. त्यांच्यावर फिकट रंगाची ताडपत्री ताणून कडेने दोरीने आवळली होती. एका कोपऱ्यात ताडपत्री तोकडी पडली होती, तिथून गुलाबाच्या फुलांची खोळ दिसत होती. खेळायच्या जागेची हद्द दाखवायला चारी बाजूंनी गेरूचा हातभर रुंद पट्टा ओढला होता. पट्ट्यापर्यंत आत, पट्ट्यापलीकडची गादी बाहेर.

"कुस्तीनी तयारी शे का झोपानी?" नाना मला म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही ते सगळं लुटुपुटूचं वाटलं. पण मग मुली आल्या आणि माझं मत हळूहळू बदलायला लागलं. ताडपत्रीच्या कडेला येऊन प्रत्येक मुलगी वाकून नमस्कार करी, मगच पाय ठेवी. समोरासमोर उभ्या राहून त्या एकमेकींना वाकून नमस्कार करत आणि पंचाने "हाजिमे" म्हटलं की एकमेकींवर अशा तुटून पडत, की मी पर्स घट्ट धरली. खेळ संपला की पुन्हा तोच नमस्कार, केस विस्कटलेले, ओठ फुटलेला, तरी नमस्कार चुकत नसे. आमच्या गल्लीत नळावरच्या भांडणातसुद्धा मी इतकी अदब पाहिली नव्हती आणि इतकी ताकदही. नानांनी नमस्काराकडे पाहून मान हलवली. आखाड्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. तेवढं त्यांना पटलं.

धाकटीची पहिली जोड लागली तेव्हा मी तिच्याकडे कमी आणि माझ्या शिवणीकडे जास्त पाहत होते. समोरच्या मुलीने पट्टी पकडून हिसडा दिला, पट्टी टिकली, मी श्वास सोडला. तेवढ्यात धाकटी गर्रकन वळली, खांद्यावर त्या मुलीला घेतलं आणि पुढे आपटलं. पंचाचा हात सरळ वर गेला.

"धोबीपछाड!" नाना खुर्चीतून उठून ओरडले. साऱ्या हॉलने त्यांच्याकडे पाहिलं. ते बसले, पण त्यांचं तोंड मिटेना. शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगायला लागले, की हा डाव आमचाच, नाव तेवढं परदेशी ठेवलंय.

दुसऱ्या जोडीत तिने समोरच्या मुलीला खाली दाबून ठेवलं, ती सुटेना, पंचाने वेळ मोजली आणि हात वर केला. नाना मांडीवर मूठ आपटत "दाब, दाब" म्हणत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाकरी स्वतः मोडून धाकटीच्या हातात दिली. असं मी त्यांना आधी कधी करताना पाहिलं नव्हतं.

शेवटची जोड धुळ्याच्याच एका मुलीशी होती. उंच, लांब हातांची, खांदे भरलेले. हॉलमधली अर्धी गर्दी तिच्या बाजूची. तिने धाकटीला धरलं तेव्हाच मला कळलं की ही वेगळी आहे. आधीच्या दोघी ओढाओढ करत होत्या, ही नुसती उभी राहायची आणि रेटायची. सुरुवातीलाच तिने धाकटीला गुडघ्यांवर आणलं, कुशीवर पाडलं. पंचाने हात अर्धवट बाजूला धरला. पूर्ण नाही, पण काहीतरी तिच्या नावावर गेलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाठ लागली नव्हती. कूस लागली होती. मी बोटाने हवेत त्यांना दाखवलं, कूस, कूस. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मग वेळ सरत गेली. धाकटी वळायला बघे, ती वळू देत नसे. धाकटी पायात पाय घाले, ती पाय उचलून घेई आणि पुन्हा रेटे. माझी बहीण, जी घरात पाण्याचा हंडा उचलायला सांगितला की पाठ दुखते म्हणायची, ती त्या गाद्यांवर डोळे न हलवता उभी होती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. मी तिला लहानपणापासून न्हाऊमाखू घातलं, तिच्या उवा काढल्या, पण ही बाई मी ओळखत नव्हते. मला तिचा आदर वाटला, आणि थोडी भीतीही वाटली, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

ती मागे मागे सरकत गेली. तिची टाच गेरूच्या पट्ट्यावर आली. आणखी एक पाऊल, की बाहेर. धुळ्याच्या मुलीने सगळं अंग घालून रेटा दिला.

आणि धाकटी खाली बसली. बसली काय, स्वतःला खाली सोडून दिलं तिने. तिची पाठ गेरूच्या पट्ट्यावर गेली, हे मी पाहिलं, नानांनी पाहिलं, सगळ्या हॉलने पाहिलं. आमच्या मागून दोघं-तिघं ओरडले, "लागनी, पाठ लागनी!" संपलं, असं मी मोठ्याने म्हटलं. पण त्याच वेळी धाकटीचा एक पाय त्या मुलीच्या पोटाला लागला होता, दोन्ही हातांनी तिने पट्टी ओढून धरली होती, आणि ती उंच मुलगी, स्वतःच्याच रेट्याने, माझ्या बहिणीच्या वरून निघाली. पूर्ण. पाय आभाळाकडे, केस खाली. पत्र्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा तिच्या अंगावरून सरकला. ती केवढा तरी वेळ हवेत होती असं मला आजही वाटतं. मग ती पलीकडे, सपाट, पाठीवर पडली. त्या हॉलमध्ये इतका मोठा आवाज दिवसभरात झाला नव्हता.

पंचाने आधी गेरूच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग हात सरळ डोक्यावर नेला. "इप्पॉन!" म्हणजे पूर्ण गुण, म्हणजे खेळ संपला, म्हणजे आमची धाकटी जिंकली. डाव टाकायला स्वतःहून टेकलेली पाठ ज्यूदोत हार धरत नाहीत.

मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते आणि शेजारणीच्या खांद्यावर थापा मारत होते, ती कोण होती देव जाणे. स्वतः खाली जाऊन समोरच्याला आभाळात पाठवायचं, असं काही जगात असू शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मग धाकटी नमस्कार करून वळली आणि तिची पाठ आमच्याकडे झाली. मी शिवलेल्या पांढऱ्या दोसुतीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, गेरूचा लालभडक पट्टा उमटला होता.

मी शेजारी पाहिलं. नानांची खुर्ची रिकामी होती.

धाकटी गाद्यांवरून खाली आली. सरांनी तिची पाठ थोपटली, मुलींनी तिला घेरलं, पण ती त्यांच्या डोक्यांवरून खुर्च्यांकडे पाहत होती. मी जवळ गेल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "नाना?"

"भाहेर गयात," मी म्हणाले. मग मला राहवेना. "तुले अट याद नव्हती का?"

"व्हती."

"डावना आधी का नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "ती माले रेटी राह्यनी व्हती, अक्का. मांगे जागा नव्हती. तोच एक डाव उरेल व्हता." तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. अर्धं पाणी पोशाखावर सांडलं. "हारी जातू तर पाठ कोरी राहती. पन मंग मी कसाले खेयनू?"

त्या अर्ध्या गुणावर ती हरली असती, तर पाठ कोरी राहिली असती. तिने तेवढ्या वेळात हे सगळं तोलून पाहिलं होतं, आणि मी मात्र शिवण टिकते का ते पाहत बसले होते.

नाना हॉलमागे सायकल स्टँडजवळ निंबाच्या झाडाखाली उभे होते. टोपी हातात. रस्त्यावरून कापसाची गाडी चालली होती, तिच्याकडे ते पाहत होते. ती गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "तिले अट याद व्हती का?"

"व्हती, नाना."

"आधी?"

"आधी."

ते पुन्हा रस्त्याकडे वळले. मला त्यांचा राग आला. एवढी पोर जिंकली, सगळा हॉल उभा राहिला, आणि हे झाडाखाली एका शब्दाला धरून बसलेत. मी काहीतरी बोलणारच होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले. ते रागावले नव्हते. नानांचे डोळे भरलेले मी त्याआधी फक्त आमचा जुना बैल गेला तेव्हा पाहिले होते.

"मना हातमा असं कधी व्हतं नही," ते हळूच म्हणाले. "माले पाठनी भीती व्हती. जलमभर." आणि ते हॉलकडे चालू लागले.

आत बक्षिसं वाटून झाली होती. लोक पांगले होते. व्यायामशाळेची दोन-तीन माणसं ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला बसली होती. नाना त्यांना म्हणाले, "थोडं थांबा भाऊ." त्यांनी चपला काढल्या, टोपी माझ्या हातात दिली, धोतराचा काष्टा आवळला. मग कडेला वाकून ताडपत्रीला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. धाकटी गळ्यात पदक घालून एका बाजूला उभी होती. अजून पोशाखातच होती. नानांनी तिला हाताने बोलावलं.

"माले मार तो डाव."

"नाना, नको."

"मार, सांगस ना मी. जठे तिले मारा ना, तठेच."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे पाहिलं, सर दोऱ्या सोडणाऱ्या माणसांकडे पाहत होते. शेवटी तिने पदक काढून माझ्याकडे फेकलं, नानांच्या समोर उभी राहिली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. नानांनीही केला. मग तिने स्वतःच्या हातांनी त्यांची बोटं आपल्या गळ्याच्या पट्टीवर ठेवली.

"रेटा," ती म्हणाली. नानांनी रेटलं. "असं नही. जोरमा रेटा, नाना. मी तुमनी पोर नही शे आते."

तेव्हा नानांनी खरंच रेटलं. मी त्यांना कुस्ती खेळताना कधी पाहिलं नव्हतं, माझ्या जन्माआधी ती सुटली होती. त्या चार पावलांत मला ती दिसली. त्यांची मान खाली गेली, खांदे पुढे आले, पाय ताडपत्रीत रुतले. धाकटी मागे मागे गेली, आणि नाना गाद्यांच्या आतच पडावेत म्हणून या वेळी पट्ट्याच्या दोन पावलं आधीच खाली बसली. आणि आमचे नाना, ज्यांची पाठ सगळ्या खानदेशात कुणी मातीला लावली नव्हती, ते वर गेले. धोतर, सदरा, पिकलेले केस, सगळंच वर. धाकटीने त्यांची बाही शेवटपर्यंत सोडली नाही. "हात आपटा!" ती खालून ओरडली. नानांचा हात नेमका वेळेवर ताडपत्रीवर आपटला.

धप्प.

मी धावले. दोरीवाली माणसं धावली. नाना उताणे पडले होते, डोळे पत्र्याकडे. त्यांना काही झालं नव्हतं. ते तसेच पडून राहिले, एखादा आवाज आठवत असल्यासारखे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हाई उडीदनं पोतं," ते म्हणाले. "हाऊ आवाज तर मी वरीसभर ऐकी राह्यनू."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. धाकटी ताडपत्रीवर बसून एकाच वेळी हसत आणि रडत होती. नाना पोटापासून हसले, तसेच पडल्या पडल्या, आणि त्यांच्या हसण्याने गादी हलत होती. मग तिचा हात धरून ते उठले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यापासून खांद्यापर्यंत, तिच्यासारखाच गेरूचा पट्टा उमटला होता. मी सवयीने पाठ झटकायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले.

एसटीत आम्हाला बसायला जागा मिळाली. पारोळ्यापर्यंत धाकटी माझ्या खांद्यावर झोपली. नाना पुढच्या बाकावर ताठ बसले होते, एरंडोल येईपर्यंत त्यांनी एकदाही पाठ टेकवली नाही. मागे उभे असलेले लोक त्यांचा सदरा पाहत होते आणि मी त्या लोकांकडे पाहत होते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माय कंदील घेऊन दारात आली, आमच्याकडे वीज त्या वेळी नेहमीच गेलेली असायची. धाकटी चपला काढायला वाकली आणि कंदिलाचा उजेड तिच्या पाठीवर पडला. पोशाख तिने अजून काढला नव्हता.

"लागनी!" माय म्हणाली. तिने कंदील खाली ठेवून पद्मालयाच्या दिशेने हात जोडले. "लागनी ना एकदानी पाठ! झाया ना तो खेय बंद?"

नाना पुढे आले आणि तिच्यासमोर पाठ करून उभे राहिले. मायने कंदील पुन्हा उचलला. तिने त्या सदऱ्याला इतकी वर्षं नीळ घातली होती, ती त्या लाल पट्ट्याकडे नुसती पाहत राहिली. बोटाने तिने तो पुसून पाहिला. बोट लाल झालं.

"मनीबी लागनी," नाना म्हणाले. "आते सांग, अट घालाले या घरमा कोरी पाठ कोनी शे?"

आणि पाय धुवायला पाणी मागून ते ओट्यावर बसले.

मायने पुढच्याच आठवड्यात पद्मालयाला जाऊन नवस फेडला. फेडणं भागच होतं. पाठ लागली होती, हाडं शाबूत होती. खेळ बंद व्हावा, हे ती देवाला सांगायची विसरली होती. धाकटी पुढच्या स्पर्धेला गेली, तिथे हरली, पुन्हा गेली. मागच्या खोलीतली गादी नानांनी स्वतः उचलून पुढच्या खोलीत आणून टाकली.

त्या सदऱ्याचा गेरू पुरता कधी गेलाच नाही. नाना तो ओट्यावर बसताना घालत. कुणी जुन्या कुस्त्यांची गोष्ट काढली की ते त्याला मध्येच थांबवत आणि आपली पाठ त्याच्याकडे वळवत. मग धुळ्याची गोष्ट सांगत. ती मात्र ते स्वतः सांगत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यातली धाकटी कधी एक इंचही उंच होत नसे.